पाऱ्यासाठी वाळ्याची ताटी

परवा एक विद्वान गृहस्थ अमरावतीला माझ्याकडे आले होते. वऱ्हाडातले पूर्वीचे उन्हाळे किती सौम्य होते, यावर ते काहीतरी लिहीत आहेत म्हणे. त्यांनी पिशवीतून एक जुना छापील तक्ता काढला आणि अकोल्याजवळच्या एका सरकारी शेतावरच्या, मे महिन्यातल्या आठ-दहा दिवसांच्या आकड्यांवर बोट ठेवलं. "हे बघा," ते म्हणाले, "सकाळी अकराला पारा चौऱ्याण्णव फॅरनहाइटच्या वर गेलाच नाही. आणि आज?" मग बराच वेळ ते झाडं, जंगलं आणि माणसाची हाव यांवर बोलत राहिले. मी त्यांना कैरीचं पन्हं दिलं.

ते आकडे माझ्या हातचे. त्या मे महिन्यात अकोल्याला जो काही गारवा होता तो चार हात लांब, चार हात रुंद एवढ्याच जागेत होता, आणि तो आम्ही घागरीनं पाणी ओतून तयार केला होता. विद्वानांना हे सांगितलं असतं तर त्यांचा अर्धा लेख गेला असता. त्या दिवशी भिडेपोटी सांगितलं नाही, म्हणून आता लिहितो.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. मी बडनेऱ्याचा. घरची थोडी काळी जमीन, पण मॅट्रिक झालो आणि बैलाच्या शेपटीला हात लावायची लाज वाटू लागली. शिक्षणाचा पहिला उपयोग हाच. शेत सोडलं आणि नोकरी मिळाली ती पुन्हा शेतावरच, फक्त सरकारी. तिथे हवामानाची नोंद ठेवायला एक बाबू हवा होता. त्यासाठी मला आधी पंधरा दिवस अमरावतीला एका म्हाताऱ्या निरीक्षकाच्या हाताखाली शिकायला पाठवलं.

हा म्हातारा तोंडाचा फटकळ होता, पण कामाचा पक्का. त्याच्या अंगणात, भिंतीपासून आणि झाडापासून लांब, गवतावर चार पायांची एक पांढरी लाकडी पेटी उभी होती. छातीइतकी उंच. तिच्या चारी बाजू म्हणजे जुन्या खिडक्यांना असतात तशा तिरप्या पट्ट्या, त्याही दुहेरी. ऊन आत यायचं नाही, वारा मात्र आरपार जायचा. दार उत्तरेला, म्हणजे उघडलं तरी सूर्य आत डोकावणार नाही. आत चार थर्मामीटर.

"उन्हात थर्मामीटर ठेवला का तो हवा मोजत नाई, सोताची काच मोजते," म्हातारा म्हणायचा. "म्हनून सावली पायजे. पन सावलीच पायजे, दुसरं काई नाई. वारा अडवला का पारा खोटा. जवळ भिंत आली का खोटा. तू दार उघडून त्याच्या तोंडावर श्वास सोडत उभा राह्यला, तरी खोटा."

"मग जपायचं कसं?" मी विचारलं होतं.

"जपायचंच नाई. पारा म्हंजे काई लेकरू नाई. जशी हवा बाहेर, तशी त्याले लागू द्यायची."

पंधरा दिवसांत मी एवढंच शिकलो, आणि पुढच्या आयुष्यात एवढं सरळ कोणी काही शिकवलं नाही.

अकोल्याच्या शेतावरचे आमचे साहेब पुण्याकडचे. शेतकीची मोठी पदवी, पायांत मोजे, डोक्यावर टोप. वऱ्हाडी बोलणं कानावर पडलं की दात दुखल्यासारखा चेहरा करायचे. "मले काय, तुले काय, ही भाषा आहे की भांडण?" असं ते मला एकदा म्हणाले, जणू मी ती बनवली होती. माणूस दुष्ट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, कारण दुष्ट माणसाशी निदान भांडता तरी येतं. साहेबांना सरकारी वस्तूंबद्दल फार माया होती. वजनकाट्यावर ते स्वतः फडकं मारायचे. फावड्यांचे दांडे मोजायचे. माणसं मोजायचं काम मात्र मुकादमाकडे दिलेलं होतं.

उन्हाळ्यात शेतावर बायांची एक टोळी कामाला असायची. पेरणीच्या आधी जुन्या पिकाची धसकटं वेचायची, काडीकचरा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नेऊन टाकायचा. त्यांच्यासाठी वरून एक हुकूम होता, आणि तो चक्क शहाणपणाचा होता: सकाळी अकराला पाऱ्यानं एकशे पाच गाठलं तर घंटा द्यायची आणि मजुरी न कापता बायांना घरी सोडायचं. तो पारा म्हणजे माझ्या पेटीतला. म्हणून अकराच्या सुमारास त्या टोळीची म्होरकी पेटीपाशी येऊन उभी राहायची. ही माळ्याच्या घरची बाई, पन्नाशीची. नदीकाठचा त्यांचा भाजीचा मळा उन्हाळ्यात आटला की ती घरच्या बायांना घेऊन कामाला यायची.

"बाबू, खुराड्यात किती?" ती विचारायची. पेटीला ती कोंबड्यांचं खुराडंच म्हणायची.

"एकशे सात."

"मंग वाजवा घंटी. आमाले तं सकाळी धा वाजताच समजलं होतं. तुमच्या काचेले उशिरा समजते."

त्या वर्षी तिच्याबरोबर तिची सून होती. सातवा महिना. याआधी दोनदा तिचं पोट तिसऱ्या-चौथ्या महिन्यात रिकामं झालं होतं, ही तिसरी खेप. सासू तिला डोळ्यांआड होऊ देत नव्हती. मी एकदा म्हणालो, "आजी, तिले घरी ठेवा ना."

"घरी चूल हाये, बाबू, ते का थंडी हाये? सकाळच्या पारी हिंडलं-फिरलं तं बरंच असते. अन् अकराले तुमचा पारा सोडतेच ना आमाले."

म्हणजे घड्याळ नव्हतं, डॉक्टर नव्हता, तिचा हिशेब त्या काचेच्या नळीवर होता. हे मला तेव्हाही कळत होतं.

एप्रिल संपता संपता वरून एक कागद आला. सगळ्या ठिकाणी जाणारा नेहमीचा कागद. उपकरणांचं थेट सूर्यप्रकाशापासून पूर्ण संरक्षण करावं, असं त्यात एक वाक्य होतं. साहेबांनी ते दोनदा वाचलं, टोप घातला आणि मला घेऊन पेटीपाशी आले. पेटी भर उन्हात उभी होती. तिथेच तिनं उभं राहायचं असतं.

"हे काय?" साहेब म्हणाले. "पूर्ण संरक्षण म्हटलंय. आणि हे इथे होरपळतंय."

"साहेब, पेटी हेच संरक्षण आहे. थर्मामीटर आत सावलीत आहेत."

"आणि पेटीचं काय?"

छत्रीला ऊन लागू नये म्हणून छत्रीवर छत्री धरणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. दोन दिवसांत पेटीवर टिनाचा मांडव उभा राहिला. तोही डोक्याला लागेल इतका ठेंगणा, कारण उंच केला तर तिरपं ऊन आत येईल, अशी साहेबांना भीती. तीन बाजूंनी पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, कूड घातला. कूड शेणानं लिंपून घेतला. वारा बंद, वर तापलेलं टिन. आत पाव रोटी भाजून निघाली असती.

पारा अर्थातच चढला. दहा वाजताच एकशे आठ, अकराला एकशे चौदा. घंटा रोज होऊ लागली. बाया खूश. म्होरकी येताना माझ्यासाठी पदरात दोन कांदे घेऊन आली. "बाबू, तुमच्या सायबाचं भलं होवो. देवासारखा मांडव घातला," ती म्हणाली. मी हसलो. खोटा आकडा आपल्या सोयीचा असला की तो फारसा टोचत नाही. अमरावतीचा म्हातारा पाहायला असता तर त्यानं माझ्या कानाखाली दिली असती.

आठ-दहा दिवसांत वरून दुसरा कागद आला. तुमच्याकडची उष्णता आसपासच्या सगळ्या ठिकाणांहून अवाच्या सवा जास्त दिसते, संरक्षणात कसूर आहे काय, खुलासा करा. आता तरी मांडव काढायचा, एवढी साधी गोष्ट. मी ती बोलूनही दाखवली. पण साहेबांनी संरक्षण वाढवल्यावर उष्णता वाढली होती, म्हणजे संरक्षण अजून कमी पडत होतं, असं त्यांचं गणित. पदवीधर माणसाचं गणित एकदा बसलं की ते मोडत नाही.

साहेबांच्या बंगल्याला पश्चिमेकडून वाळ्याच्या ताट्या होत्या. वऱ्हाडात ज्याला परवडतं तो लावतोच. वाळ्याची मुळं बांबूच्या चौकटीत भरायची, पाण्यानं भिजवत राहायचं, वारा त्यातून आला की आत गारेगार आणि मातीचा सुगंध. साहेब दुपारी त्या गारव्यात झोपायचे. तिथेच त्यांना ही कल्पना सुचली असावी, कारण चारच्या सुमारास ते उठले ते थेट बाहेर आले आणि म्हणाले, "पेटीला ताट्या लावा."

मला वाटलं थट्टा आहे.

"साहेब, ताटीनं हवाच गार होते. मग पारा अकोल्याची हवा कशी दाखवणार? तो ताटीची हवा दाखवणार."

"तुम्ही लोक उन्हात वाढलात," ते म्हणाले, "तुम्हाला सावलीची किंमत नाही. ही यंत्रं विलायतेहून आलेली आहेत."

दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत होतो. खरोखरच कोणी पखालीला डाग देताना मात्र तेव्हाच पाहिलं. ऊन बायांना लागत होतं आणि ताट्या पाऱ्याला. साहेबाच्या पुढे आणि घोड्याच्या मागे उभं राहू नये, असं आमच्याकडे म्हणतात. शिवाय माझी नोकरी तात्पुरती होती. पावसाळ्याच्या आधी साहेबांची शिफारस जाणार होती आणि मी कायम होणार होतो. घरी लग्नाचं बोलणं त्याच एका शब्दावर अडलं होतं. मी गप्प बसलो ते एवढ्यासाठी. दुसरं कसलंही मोठं कारण नव्हतं.

कूड काढून दोन बाजूंना ताट्या लागल्या. पहिल्याच दिवशी अकराला पारा ब्याण्णव. बाहेर उभं राहवत नव्हतं, वडाची पानं लोंबली होती, कुत्री नालीत जाऊन पडली होती, आणि माझ्या वहीत ब्याण्णव. चार थर्मामीटरांपैकी एकाच्या टोकाला ओलं फडकं बांधलेलं असतं. हवा कोरडी असली की तो बाकीच्यांपेक्षा खूप खाली दाखवतो, दमट असली की जवळजवळ सारखा. आमचे कोरडा आणि ओला दोन्ही आता सख्ख्या भावांसारखे शेजारी शेजारी चालू लागले. वहीवरून पाहिलं तर अकोल्याला मे महिन्यात श्रावण लागला होता. वरच्या कचेरीतल्या एकाही शहाण्याला त्याचं नवल वाटलं नाही. आकडा जास्त आला होता तेव्हा खुलासा मागणारे आता खूश होते. "सुधारणा समाधानकारक," असा शेरा आला, आणि साहेबांनी तो काचेच्या दौतीखाली दाबून ठेवला.

घंटा बंद झाली.

"बाबू, किती?"

"त्र्याण्णव."

म्होरकीनं माझ्याकडे पाहिलं, मग पायाखालच्या काळ्या मातीकडे. "त्र्यान्नव," ती म्हणाली. "बाप्पा! तुमच्या पाऱ्याले हिव भरलं का काय? जरा मातीले इचारा ना. अनवानी उभे राहा अन् मंग सांगा."

मी चपला घालून उभा होतो. "हुकूम पाऱ्याचा आहे, आजी," एवढंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती वेगळ्या कामासाठी आली. सुनेला वाकून धसकटं वेचणं होत नव्हतं. "सायबाले सांगून काई हलकं काम द्या तिले." मी लगबगीनं गेलो. माझ्या मनाला तेवढाच दिलासा. साहेबांनीही लगेच मान्य केलं, म्हणालोच की माणूस दुष्ट नव्हता. "ताट्यांना पाणी घालायला ठेवा तिला," ते म्हणाले. "सावलीचं काम."

ताटीपाशी सावली होती. विहीर मात्र शेताच्या दुसऱ्या टोकाला होती, आणि मधे झाड नव्हतं. वाळा मे महिन्यात घोटभर पाणी पिऊन समाधान मानत नाही. दर अर्ध्या तासाला घागर हवी. साहेबांनी ते अंतर कधी चालून पाहिलेलं नव्हतं. मी रोज पाहत होतो. ती पोर डोक्यावर घागर घेऊन, एक हात कमरेला लावून, त्या वाटेनं येत होती, ताटीवर पाणी ओतत होती, क्षणभर त्या गारव्यात उभी राहत होती आणि परत निघत होती. तिनं पाणी ओतलं की पारा उतरायचा. पारा उतरला की घंटा व्हायची नाही. घंटा झाली नाही की तिला पुढची घागर आणावी लागायची. हे मी लिहायला बसलो आणि आज मला कळलं असं नाही. तेव्हाच कळलं होतं.

पाचव्या की सहाव्या दिवशी, एकच्या सुमारास, बायांचा ओरडा ऐकू आला. ती वाटेतच पडली होती. घागर लांब गेली होती आणि तेवढी माती ओली झाली होती. अंग तव्यासारखं, घामाचा थेंब नाही, डोळे अर्धे उघडे. सासूनं कांदा ठेचून तळपायांना चोळायला घेतला. जवळपास गारवा असलेली एकच जागा होती. बायांनी तिला उचललं आणि मांडवाखाली, ताट्यांच्या आत, पेटीच्या पायांशी आणून निजवलं.

आवाजानं साहेब बंगल्यातून आले. टोप घालायचंही भान नव्हतं, म्हणजे ते घाबरलेच होते. पण तोंडातून निघालं ते असं: "पेटीला धक्का लावू नका. चारची नोंद व्हायची आहे."

म्होरकीनं वर पाहिलं. मी बैलबंडी जुंपायला पळालो.

अकोल्याच्या दवाखान्यात ती वाचली. पोटातलं मूल वाचलं नाही. मुलगी होती.

दोन दिवसांनी चौकशीला एक अधिकारी आला. त्यानं बंगल्यात ताटीआड बसून सरबत घेतलं आणि माझी वही मागवली. त्या दिवशीच्या रकान्यात अकराला त्र्याण्णव लिहिलेलं होतं, खाली माझी सही. त्यानं मला विचारलं, "नोंद बरोबर आहे?" पाऱ्यानं दाखवलं तेच मी लिहिलं होतं. मी "हो" म्हणालो. उष्णता मर्यादेच्या बरीच आत होती, बाई मुळातच अशक्त होती, तिला हलकं काम देऊन विशेष सवलत दिलेली होती, असं त्यानं लिहिलं. यातलं एकही वाक्य कागदावर खोटं ठरलं नसतं. तो गेल्यावर साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्या वहीनं वाचवलं," ते म्हणाले. माझी शिफारस त्याच टपालानं गेली. आयुष्यात मला इतकी किळस दुसऱ्या कोणाच्या हाताची आली नाही, आणि तो हात तर प्रेमानं ठेवलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोणाला न विचारता ताट्या सोडल्या. मग खांब हलवून टिनं खाली घेतली. साहेब आठ दिवस फणफणले, पण वर काय कळवणार? कळवायचं तर ताट्या लावल्याचंही कळवावं लागलं असतं. पेटी पुन्हा उन्हात उभी राहिली. पट्ट्यांमधून गरम वारा शिरू लागला. अकराला मी दार उघडलं. एकशे नऊ.

म्होरकी त्या दिवशी कामावर आली होती. सुनेला दवाखान्यात ठेवून आली होती, घरात बाकीची तोंडं होती. ती पेटीपाशी काही विचारायला आली नाही. मीच घंटा दिली आणि शेतात धावत गेलो.

"आजी, एकशे नऊ झालं. सुट्टी. घरी जा."

ती सावकाश उठली. हातातली धसकटं टोपल्यात टाकली.

"माही सून पडली त्या दिवशी किती होतं?"

"एवढंच असंल. जास्तही असंल."

"अन् तुमाले मालूम होतं?"

साहेबांचं नाव घेता आलं असतं. पाऱ्याचं घेता आलं असतं. वहीत मी रोज खोटं लिहीत होतो, आणखी एक तिच्या तोंडावर बोललो असतो तर कोणाला कळलं नसतं. पण ती अनवाणी उभी होती आणि माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"होतं," मी म्हणालो.